एका रस्त्याची कादंबरी लिहायला घेताना

एकाच रस्त्यावर राहणाऱ्या, पण एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या माणसांची कादंबरी लिहावी, असं पुष्कळ नव्या लेखकांना वाटतं. साहजिक आहे. खिडकीत उभं राहिलं की सगळी सामग्री समोरच दिसते. आणि तीस-चाळीस पानं झाली की लिखाण अडतं. माणसं गोळा झालेली असतात, प्रत्येकाची थोडी थोडी हकिकत सांगून झालेली असते, आणि यापुढे काय व्हायला हवं ते सुचत नाही. मग लेखक आणखी एक बिऱ्हाड आणतो, आणि गुंता वाढतो.

अडण्याचं कारण बहुधा एकच असतं. शेजारी म्हणजे एकत्र राहणारी माणसं, असं धरून लिहिलेलं असतं. शहरातले शेजारी एकत्र राहत नाहीत, लगत राहतात. भिंतीपलीकडचा खोकला त्यांना माहीत असतो, आजार माहीत नसतो. कोण किती वाजता घरी येतं ते पाठ असतं, कुठून येतं ते कधी विचारलेलं नसतं. ही अर्धीमुर्धी माहिती आणि तिच्यावर रचलेले अंदाज, हीच या कादंबरीची खरी सामग्री आहे. सगळ्या घरांत आत जाऊ शकतो तो फक्त वाचक. खाली जी कामं क्रमानं सांगितली आहेत ती सगळी या एका गोष्टीसाठी आहेत. कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी यातली निम्मी तरी उरकून घ्या.

आधी रस्ता कागदावर

मोठा कागद घ्या आणि रस्ता काढा. चित्रकला येण्याची गरज नाही, चौकोन काढता आले तरी पुरे. रस्ता लांबीला कमी ठेवा. एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचा माणूस चेहऱ्यानं नाही तरी चालीवरून ओळखू यावा, एवढाच. त्याहून लांब झाला की तो रस्ता राहत नाही, वस्ती होते. वस्तीची कादंबरी वेगळ्या तऱ्हेनं लिहावी लागते.

दहा-बारा दारं काढली की प्रत्येक दारापाशी चार गोष्टी लिहा. इथून कोणाची खिडकी दिसते? इथला आवाज कुठपर्यंत पोचतो? सकाळचं ऊन कोणाकडे पडतं, दुपारचं कोणाकडे? आणि इथून बाहेर पडणाऱ्याला कोणत्या दारांवरून जावंच लागतं? हे कंटाळवाणं वाटेल, पण पुढे शेकडो वेळा उपयोगी पडतं. कोण कोणाला पाहू शकतं यावर कोणाला काय कळतं ते ठरतं, आणि आपली कादंबरी तर त्यावरच उभी आहे. शंभराव्या पानावर एखादी बाई जे पाहते ते तिच्या खिडकीतून दिसतच नाही असं निघालं, तर सगळी इमारत हलते.

इथे चार्ल्स बूथ यांची आठवण काढायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी लंडनमधल्या गरिबीची पाहणी केली आणि शहराचे नकाशे रस्त्यागणिक रंगवले. रंग ७ होते. काळा सगळ्यांत खालच्या थराचा, पिवळा सगळ्यांत श्रीमंतांचा. मध्ये कुठेतरी जांभळा होता, आणि त्याचा अर्थ होता मिश्र वस्ती, काही जण खाऊनपिऊन सुखी, काही गरीब. आपल्याला हवा आहे तो हा जांभळा रस्ता. स्वतःच्या नकाशावर बूथसारखे रंग भरून पाहा, पण रस्त्याला एकच रंग देऊ नका, दारादाराला द्या. त्याच घरात मालक आणि भाडेकरू असतील तर मजल्यामजल्याला द्या. लगतच्या दोन चौकोनांना फार वेगळे रंग आले की तिथे थांबा, कारण कथानक बहुधा तिथून निघणार आहे.

रस्ता खरा घ्यावा की काल्पनिक? माझं मत स्पष्ट आहे. नाव आणि घरं काल्पनिक घ्या, पण मोजमापं एखाद्या खऱ्या रस्त्याची घ्या. खऱ्या रस्त्यावरच्या खऱ्या घरात खरी माणसं राहतात, आणि त्यांनी तुम्हाला परवानगी दिलेली नसते.

काळ किती घ्यायचा

हे लवकर ठरवा, कारण काळ ठरला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. जॉर्ज पेरेक यांनी १९७८मध्ये आलेल्या त्यांच्या कादंबरीत पॅरिसमधली एक अख्खी इमारत घेतली, आणि वेळ घेतली २३ जून १९७५ची, संध्याकाळी आठच्या सुमाराची. तो एकच क्षण, आणि खोल्याखोल्यांतून मागे पसरलेला भूतकाळ. वाचायला थक्क करणारी रचना आहे. पहिल्याच कादंबरीसाठी ती कोणाला सुचवणार नाही.

नव्या लेखकाला झेपतो तो साधारण एक वर्षाचा काळ. चारही ऋतू येतात, मुलं एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत जातात, भाडेकरार संपतात, म्हातारं माणूस खचलेलं दिसू शकतं. त्या वर्षावर बाहेरच्या जगातल्या एखाद्या मोठ्या घडामोडीची सावली असेल तर फारच चांगलं. जॉन लँचेस्टर यांची २०१२ची ‘कॅपिटल’ लंडनच्या एका रस्त्यावर घडते आणि सुरू होते डिसेंबर २००७मध्ये. पुढच्या वर्षी बँका कोसळणार आहेत हे वाचकाला ठाऊक आहे, रस्त्यावरच्या माणसांना नाही. नगीब महफूझ यांनी १९४७मध्ये कैरोतली एक गल्ली लिहिली, तिच्यावर दुसऱ्या महायुद्धाची सावली आहे. गल्लीत रणगाडा येत नाही. येतो तो ब्रिटिश सैन्याच्या छावणीत मिळणारा पैसा, आणि त्याच्या ओढीनं गल्लीतली तरुण मुलं बाहेर पडतात. मोठी घडामोड रस्त्यावर आणायची ती अशी, कोणाच्या तरी पगारातून, कोणाच्या तरी रिकाम्या खोलीतून.

एक जुनी दिनदर्शिका समोर ठेवा. ज्या वर्षाबद्दल लिहिताय त्याच वर्षाची. कोणत्या तारखेला कोणता वार होता, सुट्ट्या कधी होत्या, चंद्र कधी पूर्ण होता, हे सगळं त्यातून घ्या.

माणसं निवडताना

इथे घाई करू नका. सगळ्यांत जास्त कादंबऱ्या इथेच बिघडतात.

‘रस्त्यावर नाना तऱ्हेची माणसं आहेत’ हे दाखवायचं म्हणून लेखक यादी करतो. एक या धर्माचा, एक त्या देशातून आलेला, एक श्रीमंत, एक विद्यार्थी, एक म्हातारी. यादी पूर्ण होते आणि माणसं प्रतिनिधी होऊन बसतात. मग परदेशातून आलेल्या माणसाच्या प्रत्येक प्रकरणात परदेशाची आठवण निघते, आणि म्हातारीच्या प्रत्येक प्रकरणात औषधं. खऱ्या जगण्यात असं नसतं. परदेशातून आलेल्या माणसाचाही नळ गळतो, त्यालाही वरिष्ठाचा राग येतो, त्यालाही शेजारच्या मुलीचं गाणं आवडतं किंवा मुळीच आवडत नाही.

माणसं निवडण्याची दुसरी रीत आहे. ओळख बाजूला ठेवा आणि व्यवहार पाहा. या रस्त्यावर कोण कोणाला पैसे देतं? कोणाच्या घरात कोण काम करतं? कोणाच्या घराची किल्ली कोणाकडे आहे? कोण कोणाचं मूल सांभाळतं? कोण कोणाला उधार देतं? घरमालक आणि भाडेकरू, घर साफ करणारी बाई आणि साफ करवून घेणारी बाई, दुरुस्तीवाला आणि ज्याच्या न्हाणीघराची फरशी त्यानं उखडली तो, अशा जोड्यांतून माणसं उभी करा. एकाच रस्त्यावर निरनिराळ्या भाषांची, देशांची, वयांची माणसं मुळात का आली, याचं उत्तर बहुतेक वेळा काम आणि भाडं यांतच असतं. ते धरलं की विविधता वेगळी आणावी लागत नाही.

त्यातच आणखी एक. रस्त्यावर राहत नाहीत, पण दिवसाचे आठ तास तिथेच असतात, अशी माणसं विसरू नका. पहारेकरी, डाक आणणारा, गाड्यांवर दंडाच्या पावत्या चिकटवणारी, कचरा उचलणारे. ‘कॅपिटल’मध्ये पार्किंगचा दंड लावणारी एक झिम्बाब्वेची बाई आहे, आणि रस्त्यावरचे लोक तिच्याकडे ज्या नजरेनं बघतात त्यावरून त्या लोकांबद्दल जेवढं कळतं तेवढं त्यांच्या घरात शिरूनही कळत नाही. अला अल अस्वानी यांच्या २००२च्या ‘द याकूबियन बिल्डिंग’मध्ये कैरोतल्या एका आलिशान इमारतीच्या गच्चीवरच्या खोल्यांत गरिबांचं वेगळंच जग वसलेलं आहे. खाली ऐसपैस सदनिका, वर पत्र्याच्या खोल्या. तुमच्या नकाशात अशी न दिसणारी जागा कुठे आहे ते शोधा. तळघर, गच्ची, जिन्याखालचा कोनाडा, दुकानामागची खोली.

संख्या किती? ज्यांच्या डोळ्यांतून आपण जग पाहणार अशी माणसं सहा ते आठ. त्यांच्याभोवती दहा-पंधरा जण नावानिशी, बाकीचे नुसते येते-जाते. आठच्या वर गेलात तर दोनांपैकी एक घडतं. एकतर कादंबरी फार मोठी होते, नाहीतर प्रत्येकाला जेमतेम एक प्रसंग मिळतो. हिशेब सोपा आहे. साधारण ८०,००० शब्दांची कादंबरी धरली आणि माणसं ८, तर प्रत्येकाच्या वाट्याला १०,००० शब्द येतात. १०,००० शब्द म्हणजे एका दीर्घकथेएवढा ऐवज. तेवढ्यात माणूस उभा राहतो. ५,०००मध्ये बहुधा राहत नाही.

प्रत्येकासाठी वहीत एक पान ठेवा. रंगरूप, वय, शिक्षण ही माहिती सगळेच लिहितात, तीही लिहा. पण मुख्य प्रश्न तीन आहेत. हा माणूस रस्त्यापासून काय लपवतो? रस्त्याला काय दाखवू पाहतो? आणि पैसे संपले तर कोणत्या दाराची बेल वाजवेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणाचीच नाही’ असं आलं, तर तो माणूस नीट पाहा. कदाचित कादंबरी त्याचीच असेल.

आपल्याहून वेगळ्या माणसाबद्दल लिहिताना

आठपैकी सहा-सात जण तरी तुमच्यासारखे नसणार. कोणी तुमच्या धर्माचा नसेल, कोणी तुमच्या भाषेचा नसेल, कोणी तुमच्या दुप्पट वयाचा असेल. याची भीती वाटणं योग्यच आहे, पण त्यासाठी लिहिणं सोडू नका. सुरुवात त्याच्या कामापासून करा. त्या माणसाचा धंदा काय, त्याची पाळी कधी सुरू होते, पाय कधी दुखतात, हत्यारं कोणती, वरिष्ठ कोण, चूक झाली तर पगारातून काय कापतात. ही माहिती विचारायला संकोच वाटत नाही आणि सांगणाऱ्यालाही आवडतं. कामाबद्दल बोलता बोलता माणूस स्वतःबद्दल जे सांगून जातो ते थेट प्रश्न विचारून कधी मिळत नाही.

बोलण्याच्या बाबतीत एक नियम मी अगदी कटाक्षानं पाळायला सांगेन. दुसऱ्या भाषेतून आलेलं पात्र रस्त्यावर अडखळत बोलत असेल, पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या मनात ते अडखळत नाही. तिथे ते विनोदी असेल, खोचक असेल, घरात सगळ्यांत जास्त बोलणारं असेल. म्हणून त्याच्या स्वतःच्या प्रकरणात त्याची भाषा भरघोस असू द्या, आणि शेजाऱ्याच्या प्रकरणात तोच माणूस चार तुटक शब्द बोलून निघून जाऊ द्या. शेजाऱ्याला तो मुखदुर्बळ वाटेल. वाचकाला मात्र दोन्ही माहीत असेल. या एका गोष्टीनं जेवढं साधतं तेवढं सहिष्णुतेबद्दलच्या दहा संवादांनी साधत नाही.

कोणाला काय माहीत आहे: तक्ता

आता मुख्य काम. आठ माणसं असतील तर आडवी आठ आणि उभी आठ घरं आखा. ६४ चौकोन झाले. स्वतःसमोर स्वतःच येतो ते ८ सोडा, उरले ५६. प्रत्येक चौकोनात एक वाक्य लिहायचं: हा त्याच्याबद्दल काय समजतो. काही चौकोनांत ‘ओळखत नाही’ एवढंच येईल, काहींत ‘कुत्रेवाला’ असं नुसतं टोपणनाव. चालेल. पण निदान वीसेक चौकोनांत समज अर्धवट किंवा साफ चुकीची असायला हवी, आणि त्या चुकीला समोर दिसलेल्या एखाद्या गोष्टीचा आधार हवा. माणसं उगाच गैरसमज करून घेत नाहीत. काहीतरी पाहिलेलं असतं आणि उरलेलं जोडलेलं असतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. तिसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्यानं राहते. तिच्या नावानं एक खोकं येतं तेव्हा ती रात्रपाळी करून झोपलेली असते, बेल तिला ऐकू येत नाही. कुरियरवाला खोकं तळमजल्यावरच्या शिंप्याकडे ठेवतो. खोक्यावर लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाचं चित्र आहे. शिंपी ते दोन दिवस सांभाळतो आणि मनाशी ठरवून टाकतो की बाईंना दिवस गेलेत. ती जिन्यावरून उतरताना दिसली की तो दुकानासमोरची खुर्ची बाजूला करू लागतो. तिला कारण कळत नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री, दुकान अर्धं बंद झाल्यावर, ती खोकं न्यायला येते आणि तिथेच फोडते. आत दोन सदरे.

“मास्तर, या बाह्या आखूड करता येतील का?”

“किती वर्षांचा आहे?”

“आठ.” ती हात कमरेशी धरते. जरा थांबते, आणि हात चार बोटं वर नेते.

शिंपी त्या हाताकडे बघतो. मूल समोर नसताना माप देणारी आई त्यानं पूर्वी पाहिलेली आहे. तो टेप काढत नाही. “दोन बोटं आत दुमडून शिवतो,” म्हणतो. “तिकडे कोणीही उसवून देईल. वाढतं वय आहे.”

समोरच्या घरात निवृत्त शिक्षिका खिडकीत बसलेल्या आहेत. त्यांना दिसतं ते एवढंच की अर्धं शटर खाली ओढलेलं आहे, आत दिवा आहे, आणि सिस्टर बराच वेळ बाहेर आलेल्या नाहीत.

आता तक्त्याकडे या. शिंपी आणि नर्स यांचा चौकोन बदलला. त्याचा गैरसमज गेला आणि त्या जागी एक खरी गोष्ट आली, जी त्या रस्त्यावर दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही. शिक्षिकाबाईंच्या चौकोनात मात्र नवा गैरसमज तयार झाला. आणि याच बाई घरमालकाच्या पत्नीच्या ओळखीच्या आहेत, असं तुम्ही पैसे-किल्ल्यांच्या यादीत आधीच लिहून ठेवलं असेल, तर पुढच्या दोन प्रकरणांचं काम झालं. मोठी घटना काहीच घडलेली नाही. माहिती एका चौकोनातून दुसऱ्यात सरकली, एवढंच. या जातीच्या कादंबरीत कथानक म्हणतात ते हेच.

म्हणून प्रत्येक प्रकरण संपलं की तक्ता उघडा. एकही चौकोन बदलला नसेल तर ते प्रकरण कितीही सुंदर उतरलेलं असो, त्याची जागा कादंबरीत आहे का हे पुन्हा तपासा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. न्यूयॉर्कमध्ये राहून शहरांबद्दल लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१च्या आपल्या पुस्तकात रस्त्यावरच्या दुकानदाराचं काम फार बारकाईनं सांगितलं आहे. त्यांच्या भागातले लोक पाहुण्यांसाठी घराची किल्ली दुकानदाराकडे ठेवून जात. तोच का? तर तो भरवशाचा असतो, आणि किल्ली कोणासाठी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. शहरातल्या शेजाराची ही दुसरी बाजू आहे. कमी माहीत असणं ही नेहमी उणीव नसते, कित्येकदा ती एकमेकांना दिलेली सवलत असते. तक्त्यातला एखादा चौकोन असा ठेवा की ज्यात माणसाला सगळं माहीत आहे आणि त्यानं ते कधीच दाखवलेलं नाही. आपल्या उदाहरणातला शिंपी पुढे अगदी असा होऊ शकेल.

सगळ्यांना शिवणारा एक धागा

अंदाज आणि गैरसमज यांवर शंभर पानं निघतात, तीनशे निघत नाहीत. सगळ्या दारांना स्पर्श करणारी एक गोष्ट लागते. ‘कॅपिटल’मध्ये ती निनावी पोस्टकार्डं आहेत. प्रत्येक घरात त्याच घराच्या दाराचं छायाचित्र असलेलं कार्ड येऊन पडतं आणि सगळ्यांवर एकच मजकूर. युक्ती किती साधी आहे पाहा. कार्ड एकच, पण ज्यानं घर पैसा ओतून सजवलंय त्याला त्याचा अर्थ वेगळा लागतो, आणि ज्या म्हातारीचा जन्म त्याच घरात गेला तिला वेगळा.

तुमचा धागा रहस्याचाच असायला हवा असं नाही. रस्ता सहा महिने खोदून ठेवलाय. एका इमारतीला पाडकामाची नोटीस आली आहे. एक झाड तोडायचं की ठेवायचं यावर सह्या गोळा होताहेत. पाणी बंद झालं आहे. कसोटी दोनच: ती गोष्ट प्रत्येकाच्या आयुष्यात वेगळ्या जागी टोचली पाहिजे, आणि कोणा एकाला एकट्यानं ती सोडवता येता कामा नये. झाडाचं उदाहरण घेतलं तर ज्याच्या दुकानाची पाटी झाकली जाते तो, ज्याच्या खोलीत त्या झाडामुळेच उन्हाळा सुसह्य होतो तो, आणि जिला सहीच करता येत नाही कारण कागदोपत्री ती त्या पत्त्यावर राहतच नाही ती. तिसरी बाई सापडली की धागा पक्का झाला म्हणून समजा.

योगायोगांना मात्र आळा घाला. रस्त्यावरच्या डॉक्टरनंच नेमकं समोरच्याच्या हरवलेल्या भावाला वाचवलं, असले जुळलेले धागे वाचक एकदा सोसतो, दुसऱ्यांदा नाही.

प्रकरणांचा क्रम

सुरुवातीची पाच प्रकरणं फार जपून लावा. वाचकाला एका दमात आठ नावं लक्षात ठेवायला लावली की तो पुस्तक मिटतो. एका प्रकरणात एकच नवी नजर आणा. पहिली तीन प्रकरणं तीन माणसांची झाली की चौथ्यात पहिल्या माणसाकडे परत या, म्हणजे वाचकाला पायाखाली जमीन लागते. पाचव्यात नवा माणूस, पण तो आधी कोणाच्या तरी खिडकीतून दिसून गेलेला असावा. ओळख नावानं करून देऊ नका, करणीनं द्या. रोज सायकल तिसऱ्या मजल्यापर्यंत उचलून नेणारा माणूस नाव विसरलं तरी आठवतो. नावं निवडताना पहिलं अक्षर एकच असलेली दोन ठेवू नका.

आठ जणांची फेरी घड्याळासारखी फिरवायची गरज नाही. पेरेक यांनी इमारतीचा १० गुणिले १०चा तक्ता केला आणि बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीनं, एकाही घरात दोनदा न जाता, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले. १०० घरांतलं एक मुद्दाम सोडलं, म्हणून प्रकरणं ९९. एवढं काटेकोर राहणं आपल्याला जमेल न जमेल, पण शेजारच्या दारात न जाता दोन घरं सोडून तिसऱ्यात शिरायचं, ही त्यातली कल्पना उचलण्यासारखी आहे. भिंतीला भिंत लागून असलेली दोन प्रकरणं पाठोपाठ आली की सगळं फार लवकर उलगडतं.

निवेदन तृतीयपुरुषी ठेवा, पण ज्याचं प्रकरण त्याच्याच डोक्यात राहून. प्रकरण चालू असताना दुसऱ्याच्या मनात उडी मारलीत तर तक्त्यावर घेतलेली सगळी मेहनत वाया जाते. सगळं पाहणारं एखादं मूल निवेदक करण्याचा मोहही होतो. व्ही. एस. नायपॉल यांनी ‘मिगेल स्ट्रीट’मध्ये (१९५९) तेच केलं, आणि ते तिथे शोभतं, कारण तो मुलगा मोठा होऊन तो रस्ता सोडून जातो. निवेदकाला स्वतःची अशी वाट नसेल तर मुलाचे डोळे नुसती सोय ठरतात.

शेवट

शेवटी सगळ्यांना एकत्र आणावंसं वाटेल. सगळे रस्त्यावर, एक समारंभ, गैरसमज मिटलेले. नका करू. वर्षभर लगत राहिलेली माणसं एका संध्याकाळी कुटुंब होत नाहीत. ग्लोरिया नेलर यांच्या ‘द विमेन ऑफ ब्रूस्टर प्लेस’मध्ये (१९८२) रस्त्याच्या टोकाला एक भिंत आहे, तिनं तो रस्ता शहरापासून तोडला आहे. शेवटाकडे सगळ्या बायका मिळून ती भिंत हातांनी फोडतात, पण ते एका बाईच्या स्वप्नात. स्वप्न असल्यामुळेच तो प्रसंग खोटा वाटत नाही.

तुमच्या आठांपैकी दोघा-तिघांचं एखादं ओझं उतरू द्या. एक जण रस्ता सोडून जाऊ द्या, आणि त्याच्या जागी कोण आलं ते दाखवा. किमान एक गैरसमज तसाच राहू द्या. शिक्षिकाबाईंना सिस्टरच्या मुलाबद्दल कधीच कळलं नाही तरी बिघडत नाही. कळलं पाहिजे ते वाचकाला, आणि ते कळून चुकलेलं आहे.

पहिला खर्डा झाल्यावर

महिनाभर हात लावू नका. मग कादंबरी क्रमानं वाचायच्या ऐवजी माणसांनुसार वाचा. एकाची सगळी प्रकरणं वेगळी काढा आणि सलग वाचून संपवा, मग दुसऱ्याची. कोणाचं माणूसपण मध्येच थांबलं, कोण नुसतं दुसऱ्याच्या गोष्टीसाठी वापरलं गेलं, हे असं वाचल्याशिवाय दिसत नाही. ज्याची प्रकरणं सलग वाचताना कंटाळा येतो तो माणूस अजून प्रतिनिधीच आहे. त्याला एक अडचण द्या जिचा त्याच्या धर्माशी, देशाशी, वयाशी काही संबंध नाही.

दुसरं वाचन नकाशा आणि दिनदर्शिका समोर ठेवून. कोण कुठे उभं होतं, तिथून ते दिसेल का, त्या दिवशी दुकान उघडं होतं का. तिसरं वाचन फक्त संवादांचं, मोठ्यानं. दोन माणसांची वाक्यं अदलाबदल करूनही चालून गेली, तर ती पुन्हा लिहावी लागतील.

मग हस्तलिखित बाहेर द्या, पण सगळं सगळ्यांना नको. नर्सची प्रकरणं एखाद्या नर्सला, शिंप्याची शिंप्याला, दुसऱ्या देशातून आलेल्या माणसाची तशा वाटेनं आलेल्या कोणाला. ‘आवडलं का’ असं विचारू नका, भिडेखातर सगळे हो म्हणतात. ‘हे तू असं केलं असतंस का, आणि नसतंस तर कसं केलं असतंस’ असं विचारा, वही उघडी ठेवा, आणि समोरचा सांगत असताना आपल्या पात्राची बाजू घेऊन वाद घालू नका. रात्रपाळीनंतर झोप कशी लागते, बाही आत दुमडली तर टाका कुठे घालतात, हे तो सांगेल. त्याबरोबर तुम्ही न विचारलेलंही काही सांगेल, आणि त्यातलं बरंच दुसऱ्या खर्ड्यात जाईल. ज्याच्याकडून घेतलं त्याला ते छापण्याआधी वाचायला द्या.